नवंकोरं जुनं कपाट

आधी नाक सांभाळा. बाकीच्या गोष्टींची सवय हळूहळू होईल. घशात उतरणारा हा जड, चामडी वास सरसाचा आहे. हाडं आणि कातडी शिजवून केलेला हा सरस इथे पहाटेपासून शेगडीवर गरम होत असतो, आणि रात्री तो केसांत बसून तुमच्याबरोबर अंथरुणात येतो. त्याच्यामागून ताज्या भुशाचा गोडसर वास येईल, मग स्पिरिटचा झणका, आणि सगळ्यांच्या तळाशी घोड्यांची लीद. १९०० सालचा जुलै चालू आहे आणि तुम्ही पॅरिसमध्ये आहात. आयफेल टॉवर शोधत मान वाकडी करू नका, तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तुम्ही उभे आहात बॅस्टिलच्या पूर्वेला, फोबूर सँ-आंत्वान नावाच्या रस्त्यावर. सुतारांची आळी म्हणा हवं तर, फक्त ही आळी एक अख्खा गाव मावेल एवढी लांब आहे.

बाजूला व्हा! मागून हातगाडी येतेय. तिच्यावर दोरखंडाने बांधलेलं एक आरशाचं कपाट आहे आणि ते ओढणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. तो फक्त ओरडतो, आणि लोक भिंतीला चिकटतात. तुम्हीही चिकटा. दगडी फरसबंदीवर लोखंडी धावा खडखडतात, ट्रामचे घोडे फुरफुरतात, आणि डोक्यावर आरामखुर्च्यांचा मनोरा घेतलेला एक हमाल या सगळ्यातून शीळ वाजवत जातो. रस्त्याकडेची दुकानं चकचकीत आहेत, पण तुमचं काम तिथे नाही. दोन दुकानांच्या मधे ती अंधारी बोळ दिसते ना? शिरा आत.

आत चौक आहे, त्याच्या आत दुसरा चौक. भिंतींना टेकवून उभ्या केलेल्या फळ्या, वाळायला ठेवलेले ओंडके, एक उंच धुराडं. त्या धुराड्याखाली वाफेचं इंजिन आहे. त्याचे पट्टे भिंतींतून मजल्यामजल्यावर गेलेत आणि प्रत्येक खोलीतला कारागीर जागेच्या भाड्याबरोबर या फिरत्या पट्ट्याचंही भाडं भरतो. त्यामुळे इथली जमीन सतत थरथरते. पहिले दोन दिवस तुम्हाला वाटेल, आपल्यालाच ताप आलाय.

तिसऱ्या मजल्यावर चढा. कठडा धरू नका, त्यावर सरसाचे ओघळ वाळलेत. दार उघडल्यावर जी गरम हवा तोंडावर येईल तिचं कारण विचारायचं नाही. बाहेर जुलैचा उकाडा आहे आणि खिडक्या बंद आहेत, कारण सरसाला वारा लागला तर तो थिजतो, आणि थिजलेल्या सरसावर काही चिकटत नाही. माणसं घामाघूम झाली तरी चालतील, सरस गरम राहिला पाहिजे. मालक जाड भुवयांचा, कमरेला निळा एप्रन, कानामागे पेन्सिल. तो तुमच्याकडे बघून एवढंच म्हणेल, “ए पोरा, भांड्यात पाणी घाल.” तुमचं वय, शिक्षण, पुण्यातला फ्लॅट, सगळं खाली चौकात राहिलं. इथे तुम्ही उमेदवार आहात आणि तुम्हाला अहो-जाहो कोणी करणार नाही.

पाणी बाहेरच्या भांड्यात घाला, आतल्या नव्हे. सरसाचं भांडं दुहेरी असतं. आतला सरस गरम पाण्याच्या आधाराने पातळ होतो, त्याला थेट आच लागली की त्याची ताकद जाते. लाकडी काठीने ढवळा. काठीवरून तो काकवीच्या धारेने खाली उतरला की झालं.

आता खोलीच्या मधोमध पाहा. दोन कपाटं शेजारी शेजारी उभी आहेत, दोन्ही अर्धवट. माणसाच्या उंचीहून थोडी जास्त, खाली पोटाशी फुगलेली, वर निमुळती, पुढे आणि दोन्ही बाजूंना काचांसाठी रिकाम्या चौकटी. पाय इतके नाजूक आणि वळणदार की हे ओझं त्यांच्यावर कसं ठरणार असा प्रश्न पडावा. याला इथे व्हित्रीन म्हणतात. आपल्या हॉलमधल्या शोकेसची ही श्रीमंत फ्रेंच पणजी. तिच्यात बाहुल्या, शिंपले आणि दहावीच्या ट्रॉफीऐवजी चिनी मातीच्या पुतळ्या, तपकिरीच्या डब्या आणि हस्तिदंती पंखे बसतात एवढाच फरक. पाहुण्यांनी पाहावं आणि हात लावू नये, हा हेतू अगदी तोच.

एकाच नकाशावरून दोन्ही कपाटं होत आहेत, पण त्यांचं नशीब वेगळं आहे. डावीकडचं एका बड्या दुकानदाराने सांगून करवून घेतलंय. त्याचा सांगाडा ओकचा, त्याची पितळी नक्षी खऱ्या सोन्याच्या मुलाम्याची. उजवीकडचं मालकाने स्वतःच्या हिमतीवर काढलंय. त्याचा सांगाडा स्वस्त पॉप्लरचा, नक्षी तयार बाजारातून आणलेली. ते शनिवारी विकलं गेलं पाहिजे. शनिवार लक्षात ठेवा.

पण आधी रंग बघा, कारण इथे तुमचा अपेक्षाभंग होणार आहे. संग्रहालयात तुम्ही अशी कपाटं पाहिली असतील ती मधासारख्या सोनेरी-तपकिरी रंगाची, शांत, खानदानी. आणि हे काय? गुलाबी पट्टे! जांभळ्या रेघा! फुलांच्या नक्षीत हिरवीगार पानं! लग्नाच्या मांडवातही शोभेल असा भडकपणा. घाबरू नका, हाच खरा रंग. गुलाबी पट्ट्यांचं लाकूड ब्राझीलचं ट्युलिपवूड, जांभळं म्हणजे किंगवूड, तेही तिकडचंच. दोन्ही आपल्या शिसवाच्या कुळातली झाडं आहेत. ताजं कापलं की रंग असा ओरडतो, मग उन्हाने वर्षानुवर्षं विटत जातो. तुम्ही ज्याला खानदानी समजत होतात तो फिकेपणा होता.

विनीअरचा, म्हणजे सांगाड्यावर चिकटवायच्या पातळ लाकडाचा, एक पत्रा हातात घ्या. जपून, कडा ठिसूळ आहेत. वास घ्या, ट्युलिपवूडला खरोखरच हलका सुगंध येतो. आजोबांच्या पिढीत दोघे जण समोरासमोर उभे राहून मोठ्या करवतीने असे पत्रे कापायचे. आता गिरणीतली यंत्रं कापतात आणि पत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी पातळ निघतात. म्हातारे कारागीर त्यावरून रोज एकदा तरी कुरकुरतात.

खिडकीपाशी जो माणूस घोड्यावर बसल्यासारखा बसलाय तो जडणकामवाला. त्याच्या बाकाला इथे गाढव म्हणतात. समोर लाकडी जबडा असतो, पायाने दाबला की मिटतो. गुलाबी, पांढऱ्या, हिरव्या पत्र्यांची चळत करून, वर कागदावर काढलेलं फूल चिकटवून, तो ती सगळी चळत जबड्यात धरतो आणि केसाएवढ्या पात्याच्या करवतीने एकदम कापतो. हात पुढेमागे जातो, तोच, त्याच सरळ रेषेत. फिरतं ते दुसऱ्या हातातलं लाकूड. त्याच्याकडे दहा मिनिटं बघत राहा, मालक ओरडेपर्यंत. गुलाबाच्या पाकळीची कड संपते आणि दुसरी सुरू होते तिथे त्याचा श्वास थांबतो, हे तुमच्या लक्षात येईल.

कापलेल्या पाकळ्या सपाट दिसतात, त्यांना सावली हवी. त्यासाठी शेगडीवर लोखंडी ताटलीत बारीक वाळू तापत ठेवलीय. चिमट्याने पाकळी धरायची, तिची एक कड वाळूत खुपसायची, मनात मोजायचं, काढायची. कड करपून तपकिरी होते आणि पाकळी एकदम गोल वाटू लागते. चला, तुम्हीही करून बघा. खुपसा. काढा. काढा म्हटलं! गेली जळून. जडणकामवाला काही बोलणार नाही, फक्त ती काळी पाकळी तुमच्या एप्रनच्या खिशात टाकेल. दुसरी घ्या.

चिकटवणं हे तर युद्धच. कपाटाचं पोट दोन दिशांना वळलेलं आहे, त्यावर सपाट पत्रा बसवायचा म्हणजे त्याला ओलवायचं, शेकायचं, समजावायचं. मालकाने हाक मारली की सगळ्यांनी हातातलं काम टाकून धावायचं. एक जण गरम सरस फासतो, दुसरा जडणकामाचा तुकडा कागदासकट आणून ठेवतो, आणि तुम्ही? तुम्ही भट्टीवरून गरम वाळूची पिशवी उचलून आणा. अंगाशी धरू नका, भाजेल. ती पोटाच्या वळणावर ठेवली की वाळू प्रत्येक खळगा भरून काढते, मग वरून फळ्या, मग शिकंजे. चार जण चार स्क्रू पिळतात, फटींतून सरस बाहेर येतो, बोटांना चटके बसतात, आणि कोणी तरी तिसऱ्याच भाषेत शिवी देतो. या खोलीत जर्मन आहे, बेल्जियन आहे, एक इटालियन आहे. लाकडाला भाषा कळत नाही, त्यामुळे कोणाचं अडत नाही. थोड्याच वेळात सगळं थंड होईल, आणि तोवर तुमच्या बोटांवर सरसाचं एक दुसरं कातडं आलेलं असेल. जेवताना ते सोलून काढायला मजा येते.

जेवण खाली, कोपऱ्यावरच्या दारूवाल्याकडे. जस्ताच्या पत्र्याचा काउंटर, त्यावर ग्लासांची ओली वर्तुळं. सूप, पाव, उकडलेल्या मांसाचा तुकडा आणि लाल वाईन. पाणी मागू नका, लोक वळून बघतील. जवळच्याच रु द लाप गल्लीत ओव्हेर्न्यहून आलेले लोक एकाच दुकानात कोळसाही विकतात आणि वाईनही, आणि दोन्हींची पूड तुमच्या ग्लासात सारखीच उतरते असं इथले लोक म्हणतात.

दुपारी तुम्हाला निरोप्या म्हणून मारे भागात पाठवतील. डाव्या कपाटाची पितळी नक्षी तिथे तयार होतेय. पायी जा, अर्ध्या तासाचं काम आहे. ही नक्षी म्हणजे काय, तर कपाटाच्या कोपऱ्यांवर चढणाऱ्या वेली, पायांवरची पानं, कुलपाभोवतीची चौकट, आणि वरच्या टोकाला एक गोबरं बाळ. ब्राँझमध्ये ओतायचं, मग कोरायचं, मग सोन्याने मढवायचं. दिसायला शोभा, पण कामही करते. कपाट हलवताना सगळ्यात आधी कोपरेच आपटतात आणि विनीअर उडतं ते तिथेच.

ओतारी पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझची बारीक पिवळसर रेती दाबून साचे करतात. तिथे थांबू नका, धूर फार आहे. कोरणाऱ्याच्या खोलीत मात्र जरा टेका. साच्यातून निघालेलं पान खडबडीत, मंद, झोपलेलं असतं. हा माणूस डझनावारी छिन्न्यांमधून न बघता हवी ती उचलतो आणि टकटक टकटक करत पानाच्या शिरा उठवतो. अशा आठ माणसांची टकटक एका खोलीत. पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आता त्या शेवटच्या दारातून आत जाताना तोंडावर रुमाल घ्या. तुमच्याकडे नसेल तर माझा घ्या. इथे पारा आहे. आजकाल बहुतेक मुलामा विजेच्या टाकीत होतो. तो स्वस्त आणि बिनधोक असतो. पण बड्या दुकानदाराला जुन्या पद्धतीचाच हवा, कारण त्याची झळाळी वेगळी. म्हणून हा गृहस्थ सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करतो, तेजाबात बुडवून साफ केलेल्या पानावर पितळी तारांच्या ब्रशने तो फासतो, आणि पान कोळशावर धरतो. बघा आता. पान चांदीसारखं पांढरं दिसतंय. फिरवतोय, पुन्हा फासतोय, पुन्हा धरतोय. पारा उडून चाललाय, तुम्हाला दिसत नाही, पण तो हवेत आहे. आणि मग पांढऱ्यातून हळूच पिवळा उगवतो. मंद, जाड, मऊ पिवळा. काही भाग तो तसाच मंद ठेवील आणि काही भाग अकीक दगडाने घासून आरशासारखा करील. एकाच पानावर ऊन आणि सावली.

आता त्याचे हात बघा. काम करताना स्थिर असतात, पण ग्लास उचलताना थरथरतात. हिरड्या काळपट, बरेच दात गेलेले. या धंद्यात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. आंत्वान-आंद्रे राव्रिओ नावाचा एक मोठा ब्राँझवाला १८१४ साली वारला. त्याने मृत्युपत्रात ३,००० फ्रँकचं बक्षीस ठेवलं होतं, मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय काढील त्याला. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने धूर वर खेचून घेणारी भट्टी काढली आणि १८१८ मध्ये ते बक्षीस मिळवलं. समोरची भट्टी त्याच वंशातली. धुराडं नीट ओढत असेल तर ठीक. उकाड्यात ते नीट ओढत नाही. म्हणून म्हणतो, नक्षीची टोपली उचला आणि निघा.

परत येईपर्यंत उजव्या कपाटाची तयार नक्षी लागून गेलेली असेल. तिच्यावर सोनं नाही, पितळेवर पिवळसर वार्निश आहे. दिव्याच्या उजेडात दहा पावलांवरून तुम्हाला फरक कळेल का? मला कळला नाही. गिऱ्हाइकालाही तो कळू नये असंच मालकाला वाटतं.

खालच्या मजल्यावर एक चित्रकार राहतो. कपाटाच्या पोटावरच्या मधल्या चौकटीत तो सोनेरी जमिनीवर एक उपवन रंगवतोय. झोपाळ्यावर बाई, शेजारी वाद्य घेतलेला तरुण, मागे पिसांसारखी झाडं. अठराव्या शतकात मार्तँ नावाच्या भावांनी जपानी लाखकामाच्या तोडीस तोड वार्निश काढलं होतं. त्यांच्या नावावर आता असली सगळी चित्रं खपतात. चित्रकाराने आज सकाळपासून तीन चौकटी संपवल्यात आणि तिन्हींतली बाई तीच आहे. तिच्या गालावर तो जरा तपकिरी झाक देतो. का, असं विचाराल तर म्हणेल, “नवी दिसली तर कोण घेईल?”

इथे जरा थांबा आणि सरसाच्या भांड्याजवळ बसून विचार करा. जुना काळ बघायला तुम्ही एवढ्या लांब आलात, आणि इथे येऊन बघता तर सगळेजण जुना काळच बनवत बसलेत. हे पाय पंधराव्या लुईचे, ही वेल त्याच्याच दरबारातली, तो राजा जाऊन सव्वाशे वर्षं झाली. शेजारच्या खोलीत सोळाव्या लुईची टेबलं निघतात. समोरच्या चौकात दुसऱ्या हेन्रीची डायनिंग रूम, कोरलेल्या सिंहांसकट, आणि ती तर एवढी खपते की कारकुनाच्या घरातही तिचं कपाट असतं. अख्खी गल्ली वाफेच्या इंजिनावर राजेरजवाडे तयार करतेय. १८८६ साली याच कामाचं शिक्षण द्यायला शाळा निघाली, तिलाही चौदाव्या लुईच्या कारागिराचं, बूलचं नाव दिलंय. म्हणजे हे कपाट नंतर जुनं झालं असं नाही, ते जुनंच जन्माला आलं.

आणि पॉलिश? इथे एक गोष्ट तुमच्या ओळखीची निघेल. पॉलिशवाल्याच्या बाटलीत काय आहे ते बघा. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. हिंदुस्थानातल्या पळसाच्या नि कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी केलेली, तिथल्या लोकांनी खरवडून गाळलेली, आणि कलकत्त्याहून जहाजाने आलेली. पॉलिशवाला लोकरीचा बोळा कापडात गुंडाळतो, त्यावर लाख घेतो, एक थेंब तेल, आणि गोल गोल, मग इंग्रजी आठसारखं, मग लांबट, हात न उचलता फिरवत राहतो. हात मधेच थांबला तर बोळा चिकटतो आणि दिवसाची मेहनत फाटते. म्हणून त्याच्याशी बोलू नका. आधी लाकूड धूसर दिसतं, मग ओलं, मग काही थरांनंतर त्यात खोली येते आणि गुलाबी पट्टे जणू पाण्याखालून वर बघू लागतात. आपल्या जंगलातल्या किड्याने पंधराव्या लुईला चमक दिली, ही गोष्ट पॉलिशवाल्याला सांगून बघा. तो खांदे उडवेल.

काचा येतात त्या एका दुपारी, गवतात बांधून. बाजूच्या काचा वळलेल्या आहेत. भट्टीत साच्यावर ठेवून सपाट काच मऊ करतात, ती आपल्या वजनाने वाकते. बसवताना खोलीत कोणी खोकतही नाही. आत मागच्या बाजूला लाल मखमल, वर संगमरवराची लादी, आणि झालं.

आता शनिवार.

उजवं कपाट घोंगड्यांत गुंडाळून हातगाडीवर चढवा. तुम्ही मागून धरा, मालक पुढून ओढेल. रस्त्यावर आलात की दिसेल, तुम्ही एकटे नाही. प्रत्येक बोळीतून गाड्या निघाल्यात. पलंग, कपाटं, लिहायची टेबलं, आरसे. याला इथे त्रोल म्हणतात. ज्या छोट्या मालकांना दुकान नाही आणि हातात मागणी नाही, ते आठवडाभर केलेला माल घेऊन दुकानादुकानाच्या दारात फिरतात. संध्याकाळच्या आत विकायचाच, कारण संध्याकाळी पगार द्यायचे असतात आणि सोमवारी लाकूडवाल्याचं बिल असतं. दुकानदाराला हे माहीत असतं. हाच या बाजाराचा सगळा कायदा.

ऊन तापलंय. गाड्यांची चाकं एकमेकांत अडकतात. पहिल्या दुकानाचा मालक दारातच उभा आहे. तो घोंगडी उचलून बघतो, कोपऱ्यावर नख मारतो, दार उघडून कान लावतो, आणि मालकाने सांगितलेल्या किमतीच्या दोन तृतीयांश बोलतो. मालक गाडी उचलतो. दुसरा दुकानदार त्याहून कमी बोलतो. तिसरा बोलतच नाही, “सहा वाजता या” म्हणतो. तुमचे दंड भरून येतात. दुपारी तीनला मालक घाम पुसतो आणि एक ग्लास घेतो, चारला दुसरा. पाचच्या सुमारास रस्त्यावर एक वेगळीच घाई येते, आवाज चढतात, काही गाड्या रिकाम्या होऊन परतताना दिसतात आणि ज्यांच्या रिकाम्या झाल्या नाहीत ते त्यांच्याकडे बघत नाहीत. सहाला तुम्ही त्या तिसऱ्याच्या दारात. त्याने सकाळी सांगितला असता त्याहूनही कमी भाव. मालक हो म्हणतो. नोटा मोजतो, एकदा, दोनदा.

कपाट आत जातं. दहा मिनिटांनी ते काचेच्या आत दिव्याखाली उभं आहे आणि त्यावर लावलेल्या चिठ्ठीवरचा आकडा तुम्ही वाचू नका, मालकालाही वाचू देऊ नका. चला लवकर.

डाव्या कपाटाचं बरं झालं. ते आधीच ठरलेल्या भावाने गेलं, आणि तुम्ही ते पोचवायलाही गेलात. मोठ्या घराच्या मागच्या जिन्याने, चार मजले, चौघांनी, एका नोकराणीच्या “भिंतीला लागेल!” अशा ओरडण्यासह. दिवाणखान्यात पडद्यांवर पडदे, पामच्या कुंड्या, आणि सगळीकडे छोट्या छोट्या वस्तू. पाय ठेवायला जागा नाही. बाईंनी कपाटाकडे पाहिलं, तुमच्याकडे नाही. हात लावलात तो शेवटचा, यापुढे ते कुलपात.

रविवारी हात मोकळे आहेत तर ती दुसरी गंमत बघून या. गेल्या गुरुवारी, १९ जुलैला, जमिनीखालून रेल्वे सुरू झालीय. बॅस्टिललाच स्टेशन आहे, दुसऱ्या वर्गाचं तिकीट १५ सांतिम. खाली उतरलात की पहिली जाणीव गारव्याची. शाँझेलिझेला उतरा आणि नव्या पुलावरून सेन ओलांडा. पुलाच्या खांबांवरचे सोनेरी घोडे बघून तुम्हाला आता वेगळाच प्रश्न पडेल, यांचा मुलामा कुठल्या पद्धतीचा?

पलीकडे इन्व्हालिदच्या मैदानावर, यंदा शहरात भरलेल्या महाप्रदर्शनातलं फर्निचर मांडलंय. गर्दी ढोपरं मारत सरकते. वर लाकडी रस्ता स्वतःच चालतोय. त्याचे दोन पट्टे आहेत, एक हळू आणि एक जोरात. हळूवरून जोरातवर पाय टाकताना टोप्या उडतात आणि बायका किंचाळतात. तुम्ही मात्र लिंकचं दालन गाठा. फ्रांस्वा लिंक बोहेमियात जन्मला, विशीत पॅरिसला आला, आणि आपल्याच फोबूरमध्ये १७० नंबरला त्याचा कारखाना आहे. शिल्पकार लेओं मेसाजेकडून त्याने अशी ब्राँझ करून घेतलीत की टेबलाच्या कडेवरून पाणी सांडतंय असं वाटावं. या प्रदर्शनात त्याच्या भल्यामोठ्या लिहायच्या टेबलाला सुवर्णपदक मिळणार आहे. सुरुवात पंधराव्या लुईपासूनच, पण त्याने लुईला आपल्या काळात ओढून आणलं, स्वतः त्याच्या काळात जाऊन बसला नाही. माझ्या मते फोबूरमधला सगळ्यात मोठा कारागीर तोच.

उद्या सोमवार. जुन्या लोकांत अजून सोमवारी दांडी मारायची रीत आहे, पण तुम्ही उमेदवार, तुम्हाला ती परवडणार नाही. त्यापेक्षा इकडे परत या.

आणि परत आल्यावर एवढं करा. मुंबईच्या चोर बाजारात किंवा कोणाच्या वाड्यात असं फुगीर पोटाचं, काचेचं, सोनेरी नक्षीचं कपाट दिसलं तर समोर उभं राहून माना डोलवू नका. मागे जा. पाठीच्या फळ्या आणि आतलं लाकूड बघा, ओक आहे की हलकं काहीतरी. फळीवर करवतीच्या गोलाकार रेघा असतील तर ती यंत्राच्या गोल करवतीने कापलीय. नक्षीचा एखादा तुकडा सैल असेल तर त्याची मागची बाजू आणि खाचा बघा. वार्निश असेल तर ते जागोजागी उडून पितळ काळवंडलेलं दिसेल. सोनं असेल तर ते शंभर वर्षांनंतरही सोनंच दिसेल. दार उघडून झाकलेल्या कडेला, जिथे ऊन पोचलं नाही तिथे, थोडा गुलाबी उरलाय का पाहा. आणि विक्रेता म्हणाला की हे पंधराव्या लुईच्या काळातलं आहे, तर त्याला शांतपणे सांगा की तीन बाजूंनी काच लावलेली ही दिवाणखान्यातली शोकेस एकोणिसाव्या शतकाची फॅशन आहे, आणि घासाघीस निम्म्या किमतीपासून सुरू करा. फक्त त्या फोबूरच्या दुकानदारासारखे संध्याकाळचे सहा वाजायची वाट बघत बसू नका.